जास्त वेळ बसु नये

नाक्यावरच्या इराण्याच्या हॉटेलचं शटर कायमचं खाली गेलं त्याला रविवारी बावीस दिवस झाले. पायऱ्या मात्र अजून आहेत. काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, मधली इतकी झिजलीय की तिच्यात पावसाचं कपभर पाणी सहज साचतं. पूर्वी आत जागा नसली की आम्ही पायरीवर बसायचो, आता पायरीवरच बसतो. समोर पानवाला, डावीकडे चाळीचा जिना, उजवीकडे बिल्डरनं ठोकलेला पत्रा. पत्र्यावर झाडं, कारंजं आणि एक हसणारं कुटुंब. ते कुटुंब लालबाग-परळचं नाही, हे त्यांच्या दातांवरूनच कळतं.

विषय निघाला तो भाऊमुळे. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचा भावी नगरसेवक. गेली पंचवीस वर्षं तो भावीच आहे, पक्ष तेवढे बदललेत. आला तोच मोबाइल पुढे करत. फ्लेक्सचं डिझाइन होतं. डाव्या कोपऱ्यात शेठचा, म्हणजे इराण्याच्या मालकाचा, पासपोर्टएवढा फोटो, तोही कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोतून कापलेला, अर्धा चेहरा खारीच्या बरणीमागे. उजवीकडे हात जोडलेला भाऊ, पायांपासून गॉगलपर्यंत. मध्ये लाल अक्षरांत ‘दानशूर व्यक्तिमत्त्वास भावपूर्ण निरोप’.

नंदूनं चष्मा वर करून नीट बघितलं. नंदू बेस्टमध्ये कंडक्टर होता, बत्तीस वर्षं. तिकीट फाडल्यासारखं बोलतो, एकदाच आणि सरळ.

“गेलं कोण? शेठ की तू?”

“म्हणजे?”

“हात तू जोडलेस, मोठा फोटो तुझा, वर भावपूर्ण. उद्या लोक हार घेऊन तुझ्याच दारात येतील. वहिनींना आधी सांगून ठेव.”

“आणि शेठ जिवंत आहे,” मास्तर म्हणाले. “पुण्याला मुलीकडे गेलाय. निरोप कसला देतोयस?”

भाऊ म्हणाला, “मास्तर, भावना समजून घ्या. शेवटी आपल्या विभागाचा सांस्कृतिक ठेवा...” पुढचं कुणी ऐकलं नाही. भाऊच्या तोंडी ‘सांस्कृतिक’ आलं की समजायचं, वर्गणी जवळ आलीय.

पण त्या ‘दानशूर’वर सुध्या अडला. सुध्या बँकेत कर्ज मंजूर करतो, खरं तर नामंजूर करतो. ठाण्याला राहायला गेल्यापासून त्याला इथलं सगळं लांबून फार स्पष्ट दिसतं. दर रविवारी आईला भेटायला येतो आणि जाता जाता आम्हाला शहाणं करून जातो.

“दानशूर काय रे? धंदा करत होता तो माणूस. मोक्याची जागा, पागडीचं भाडं, भाडं गोठलेलं त्यामुळे खर्च शून्य. एक कप चहावर दोन तास बसू दिलं म्हणून तुम्ही त्याला संत करायला निघालात. त्यालाच आज लॉयल्टी म्हणतात. अ‍ॅपवाले पॉइंट देतात, तो बसायला देत होता.”

“अ‍ॅपवर बसून दाखव,” नंदू म्हणाला.

मास्तरांना ‘मोक्याची जागा’ टोचली. मास्तर आता शाळेत नाहीत, पण शाळा मास्तरांमध्ये आहे. “मोक्याची नव्हती ती. नाक्यावरचं दुकान अशुभ म्हणून आपले लोक घ्यायला धजत नव्हते, असं जुने लोक सांगायचे. हे इराणी लोक इराणातल्या याझ्द आणि केरमानकडून आलेले. खिशात काही नाही, त्यांना शुभ-अशुभ परवडणार कुठून? दोन्ही रस्त्यांना दारं उघडली आणि त्याचा मोका झाला. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं...”

“मास्तर, पेपर किती मार्कांचा?” सुध्या.

“तुझ्यासाठी पस्तीसचा. त्यातही काठावर पास.”

मास्तर सांगत होते त्याला संदर्भ होता. २०१४ साली मेरवान बंद होणार अशी बातमी पसरली तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या होत्या. मास्तर स्वतः गेले होते, लोकलनं. पुढे ते परत उघडलंही. मास्तरांचं म्हणणं असं की, लोकांना किंमत कळते.

“बंद होताना कळते,” नंदू म्हणाला. “हीच रांग आधी लागली असती तर बातमीच आली नसती.”

मग नंदू माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता माझी बाजू घेणार. मी दोन दिवसांपूर्वीच ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बशीत ओतलेला चहा, ब्रुन मस्का बुडवल्यावर वर तरंगणारे लोण्याचे ठिपके. एकोणीस जणांनी हात जोडले होते, एकानं चुकून केक टाकला होता.

“तू शेवटचा आत कधी गेलास?”

मी आठवू लागलो. पावसाळ्याआधी. मग आठवलं की तो मागच्या वर्षीचा पावसाळा. त्या दिवशीही आत बसलो नव्हतो, पाव घेऊन निघालो होतो. शेठनं गल्ल्यावरून विचारलं होतं, “क्या, आज बैठने का नहीं?” मी घड्याळ दाखवलं होतं.

“दीड वर्ष,” मी म्हणालो.

सुध्या टाळी वाजवून हसला. “बघा! आठवणींचे एकोणीस लाइक आणि गिऱ्हाईक शून्य. मी निदान धंदा म्हणतो आणि धंद्यासारखा वागतो.” या एका गोष्टीत त्याचं बरोबर होतं, आणि ते मला अजून पचलेलं नाही. म्हणूनच त्याच्याविषयी इथे थोडं जास्त लिहीन, वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

फॅमिली रूमच्या आरशासमोर सुध्या रोज साडेपाचला केस विंचरायचा. पावणेसहाला टायपिंग क्लास सुटायचा. ‘आरशात बघून केस विंचरू नये’ हा बोर्ड शेठनं खास त्याच्यासाठी लावला, अशी आमची पक्की समजूत आहे. पुढे टायपिंग क्लासवालीचं लग्न बोरिवलीला झालं. त्या दिवशी शेठनं सुध्यासमोर न मागता डबल आम्लेट ठेवलं आणि बिलात लावलं नाही.

“आता त्या आम्लेटला काय म्हणायचं?” मी विचारलं. “लॉयल्टी?”

“त्या आम्लेटमध्ये मीठ जास्त होतं,” सुध्या म्हणाला.

“मीठ तुझं होतं,” नंदू म्हणाला. “तूच रडत होतास.”

शेठ काही संत वगैरे नव्हता, हेही सांगून टाकतो. दुसऱ्यांदा साखर मागितली की बरणीकडे असा बघायचा, जणू तिला तापच भरलाय. माझ्या हातून ग्लास फुटला तेव्हा तीन रुपये लावले, आणि पुढे आठवडाभर मला स्टीलच्या पेल्यात पाणी. पंखा दोनच्या वर कधी नाही. मांजराला मात्र मस्का. वेटरवर ओरडायला लागला की हिंदी, गुजराती आणि त्यांची ती घरातली बोली अशी तिन्ही एकदम सुटायची, आणि आम्हाला तिन्हीतल्या शिव्या तेवढ्या कळायच्या.

एवढ्यात शोभाताई भाजीची पिशवी घेऊन आल्या. पिशवी पायरीवर टेकवली, पदरानं मान पुसली आणि “काय चाललंय?” म्हणाल्या. सुध्यानं सगळं परत सांगितलं, धंदा, पागडी, लॉयल्टी. शोभाताईंनी तो थांबेपर्यंत ऐकून घेतलं. बालवाडीत तीस वर्षं काढलेल्या बाईला ऐकून घेण्याची सवय असते.

“बसला असाल तुम्ही,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला बसण्याचंच कौतुक. आमच्या घरातल्या कुणाला तिथं एक कप चहा पिणंही परवडत नव्हतं. नानकटाईचं ठाऊक आहे का तुला?”

चाळीतल्यांना सांगायला नको, तरी पुढच्या पिढीसाठी दोन ओळी. इराण्याच्या मागच्या अंगाला भट्टी होती. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस चाळीतल्या बाया आपापला रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन तिथे जायच्या. जमिनीवर फतकल मारून बसायचं, पीठ मळायचं, गोळे वळायचे, वर एकेक चारोळी दाबायची. पत्रे भट्टीवाल्याचे. पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि नंबराची वाट बघायची. नंबर रात्री दोनलासुद्धा लागायचा. भाजणावळ किलोवर. सकाळी आख्ख्या गल्लीला वेलचीचा वास. आम्ही पोरं डबे वाहायला. डब्याचं झाकण गरम असायचं, आणि ते उघडायचं नाही अशी सक्त ताकीद.

“संपाची पहिली दिवाळी,” शोभाताई म्हणाल्या.

“१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला,” मास्तर म्हणाले. “अडीच लाख गिरणी कामगार.”

“आमच्या घरातला एक,” शोभाताई म्हणाल्या. “दहा महिने पगार नाही. आईनं मंगळसूत्रातले मणी ठेवून वाटी विकली होती. नानकटाई करायचीच नाही असं ठरलं होतं. पण आम्ही तिघं लहान. शेवटी तिनं अर्धा किलो मैदा नेला. डालडा कमी पडला म्हणून शेजारणीकडून वाटीभर आणला. गोळे मोजून वळले. बेचाळीस. मी स्वतः मोजले होते, दुसरं काय होतं करायला? सकाळी डबा आणला, तर शंभराच्या वर.”

भाऊनं मोबाइल खिशात ठेवला.

“आई घाबरली. तिला वाटलं कुणाचा तरी डबा आपल्याकडे आला. तसाच उचलला आणि शेठकडे परत. मी बरोबर होते. म्हणाली, शेठ, डबा बदलला. तो गल्ल्यावरून वर न बघता म्हणाला, ‘चिठ्ठी किसका है?’ चिठ्ठी आमची. ‘फिर डब्बा तुमारा.’ आई म्हणाली, माझे बेचाळीस होते. तर म्हणतो कसा, ‘बाई, मेरेको गिनती नहीं आती.’”

नंदू खाली बघत होता. “चाळीस वर्षं न बघता सुट्टे दिले त्यानं,” तो म्हणाला. “एक चार आणा कधी इकडचा तिकडे नाही. आणि गिनती येत नव्हती.”

“पुढं ऐक,” शोभाताई म्हणाल्या. “आईनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याची नानकटाई खाल्ली म्हणून तिला लाज वाटायची. चार-पाच वर्षांनी नळावर बोलता बोलता एकीच्या तोंडून निघालं की त्या दिवाळीला आमचा डबा बदलला होता. दुसरी म्हणाली, अगं, आमचापण. तिसरी म्हणाली, आमचा तर दोनदा. आख्ख्या चाळीचे डबे बदलले होते, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण दुसरीची खाल्ली.”

कुणी काही बोललं नाही. समोर पानवाल्याचा चुना ढवळायचा आवाज तेवढा.

सुध्यानं घसा साफ केला. कर्ज नामंजूर करायची सवय, ती सुटत नाही. “मी नाही म्हणत नाही. चांगलंच केलं. पण बघा, भट्टी पेटलेलीच होती, सरपण काही वाढलं नाही. आणि ही सगळी घरं पुढं त्याची कायमची गिऱ्हाइकं झाली की नाही?”

“कुठली गिऱ्हाइकं?” नंदूनं आवाज चढवला नाही. “संप मिटलाय का अजून? अर्ध्या चाळीनं गाव गाठलं. रत्नागिरी, सातारा, तिथून येणार होते काय ब्रुन मस्का खायला? तुझा बाप वॉचमन लागला, माझा भाजीच्या गाडीवर. ज्यांच्याकडून फिरून एक पैसा यायचा नव्हता त्यांच्या डब्यात साठ-साठ जास्तीच्या टाकल्या त्यानं. तुमच्या बँकेत असं कर्ज देतात?”

“तारण काय?” सुध्या सवयीनं बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला.

“चिठ्ठी,” शोभाताई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. जाताना भाऊला म्हणाल्या, “दानशूर लिहू नको रे. त्याला वाचून राग येईल.”

त्यावर भाऊ एकदम पेटला. त्यालाही बोलायचं होतंच. “राग येईल? अहो, मी त्याला मंडळाच्या स्टेजवर सत्काराला बोलावला होता. श्रीफळ, शाल, सगळं आणलं. आला नाही! पाहुण्यांसमोर माझी काय अवस्था झाली?”

“तू ती शाल स्वतःच पांघरून घेतलीस,” मास्तर म्हणाले. “मला दिसत होतं. ऑक्टोबरात.”

गणपतीच्या वर्गणीचा मुद्दा निघाला आणि इथे जुनी जखम उघडली. शेठ दरवर्षी वर्गणी द्यायचा, पण पावतीवर नाव घालू द्यायचा नाही. “नाम मत लिखो, कोपरा लिखो,” म्हणायचा. त्यामुळे मंडळाच्या अहवालात देणगीदारांच्या यादीत दरवर्षी एक ओळ यायची, ‘श्री. कोपरा’. नवीन आलेल्या एका भाडेकरूनं आम्हाला विचारलंही होतं की हे कोपरासाहेब कुठल्या मजल्यावर राहतात. शिवाय दहीहंडीची दोरी त्याच्याच गॅलरीच्या कठड्याला. दोनदा वरची काच फुटली. दोन्ही वेळा तो खाली येऊन आमच्यावर ओरडला आणि मग ओरडता ओरडताच गोविंदांना ट्रे भरून बन आणि चहा पाठवला. भिजलेली, घसरलेली, गुडघे फुटलेली पोरं बन हातात घेऊन शिव्या ऐकत उभी असायची.

“ते ठीक आहे,” मास्तर म्हणाले, “पण ज्या वर्षी भाऊ खजिनदार होता त्या वर्षी कोपरासाहेबांनी पाचशे एक दिले आणि अहवालात एकशे एक छापून आले. ते चारशे कुठे गेले?”

“मुद्रणदोष!” भाऊ ओरडला. “मुद्रणदोष होता तो. मी तेव्हाही सांगितलं होतं.”

“मुद्रणदोष तुझ्या नव्या बुटांत चालत होता,” नंदू म्हणाला.

भाऊनं बुटांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. बूट मामानं दिले होते. मामा कुठल्या वर्षी वारले यावर मास्तरांनी शंका काढली. दहा मिनिटं बूट आणि मामा यांच्यावर गेली. ती मी इथे देत नाही, कारण भाऊ हे वाचेल आणि पुढच्या रविवारी आणखी दहा जातील.

सुध्याला या गडबडीत श्वास घ्यायला वेळ मिळाला. तो परत आला तो वेगळ्या वाटेनं. “बरं, सगळं मान्य. मग विकलं का? बिल्डरनं पैसे दिले, त्यानं घेतले. मुलगे परदेशी, भट्टी सांभाळायला कुणी नाही. हिशेब केला आणि गेला. मी हेच म्हणतोय की तो आपल्यासारखाच माणूस होता. तुम्ही त्याला देव्हाऱ्यात बसवताय, त्यात तुमची सोय आहे. देव्हाऱ्यातल्याकडे रोज जावं लागत नाही.”

हे ऐकून मला परत घड्याळ आठवलं. सुध्याचं हे असं आहे. दहा वाक्यं बिनकामाची बोलेल आणि अकरावं असं टाकेल की उत्तर सुचू नये.

उत्तर नंदूनं दिलं, पण ते उत्तर होतं की नाही, तुम्हीच ठरवा. “२६ जुलै. माझी गाडी हिंदमाताला बंद पडली.”

“२००५,” मास्तर म्हणाले. “सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, एका दिवसात.”

“मिलिमीटर तुम्ही मोजा. माझ्या गाडीत त्रेपन्न माणसं होती. दोर धरून इथवर आणली, छातीएवढ्या पाण्यातून. या पायऱ्या म्हणून आतल्या फरशीला पाणी लागलं नव्हतं. शेठनं शटर पाडायला घेतलं होतं, घरी निघाला होता. आम्हाला बघून परत वर केलं. रात्रभर चूल चालू. सकाळी मी म्हटलं, शेठ, बिल बोलो, बेस्टकडून घेतो. तर म्हणतो, ‘तिकिट फाडा क्या तुमने?’ मी म्हटलं, नाही, गाडी बंद पडल्यावर कसलं तिकीट. ‘फिर मैं कायको फाडूं?’”

“तिथे त्याचा काय फायदा होता ते सांग,” मी सुध्याला म्हणालो.

सुध्या म्हणाला, “त्रेपन्न माणसं म्हणतोस आणि बत्तीस वर्षांत तुझ्या गाडीत मला कधी बसायला जागा मिळाली नाही.” आणि आम्ही सगळे हसलो. तो हरला की असं करतो. जिंकला तरी असंच करतो.

मास्तरांचा नातू चिनू तोवर येऊन उभा होता, आजोबांना जेवायला बोलवायला. त्यानं आम्हाला सांगितलं की मॉलमध्ये इराणी थीमचा कॅफे निघालाय. तशाच खुर्च्या, तसलीच टेबलं, आणि भिंतीवर ‘हे करू नये, ते करू नये’ असे बोर्ड, लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात. बन मस्का एकशे ऐंशी, वर टॅक्स.

“आणि बसू देतात?” नंदूनं विचारलं.

“दीड तासाचा स्लॉट असतो.”

“बघ,” नंदू सुध्याला म्हणाला, “याला धंदा म्हणतात.”

मास्तर त्या बोर्डांवर थांबले. आमच्या इराण्याकडे आरशाच्या वर मोठा बोर्ड होता, ‘जास्त वेळ बसु नये’. त्यातला ‘सु’ ऱ्हस्व. मास्तरांना तो ‘सु’ तीस वर्षं खुपला. चहाच्या पहिल्या घोटाआधी त्यांची नजर तिथे जायची. दहावीच्या पोरांना रात्री दहानंतर शेठ माळ्यावर अभ्यासाला बसू द्यायचा, दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, पोरांनी वाचायचं कुठे? मास्तर तिथे शिकवायला जायचे आणि पोरांना सांगायचे, पेपरात असं लिहाल तर मार्क जातील. आणि परीक्षा मार्चमध्ये, नवरोज २१ मार्चला. त्या दिवशी दारात शेठ गुलाबदाणी घेऊन उभा, आत येणाऱ्याच्या डोक्यावर गुलाबपाणी. झरथुष्ट्राच्या तसबिरीपुढे दिवा, शेजारी साईबाबा, शेजारी मंडळाचा गणपती, तिघांना एकेक हार. पेपरला निघालेल्या पोरांच्या हातावर तुपातला गोड रवा, चमचा नाही, तसाच. तळहात चिकट व्हायचे आणि उत्तरपत्रिकेला वास यायचा. मास्तर म्हणतात की पेपर तपासताना वासावरून त्यांना आपल्या गल्लीची मुलं ओळखता यायची. हे अर्थात खोटं आहे, बोर्डाचे पेपर आपल्याच शाळेत तपासायला येत नाहीत. पण मास्तरांना तेवढं माफ आहे.

“एकदा मी रंगाची डबी घेऊनच गेलो,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, शेठ, पैसे नकोत, एक वेलांटी नव्हे, एक उकार फक्त. दोन मिनिटांचं काम. शिडी द्या. तर शिडी देईना. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, ‘मास्तर, बराबर लिखेगा तो लोग पढेगा. पढेगा तो उठेगा.’”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनी तीस वर्षं पोटात ठेवलं होतं. मला वाटतं, उकार हरल्याची लाज.

“बोर्ड गेला कुठे पण?” सुध्यानं विचारलं. या वेळी बँकेच्या आवाजात नाही.

“भंगारवाल्यानं नेला. मी धावलो, पण टेम्पो सुटला होता.” मास्तर या वयात टेम्पोमागे धावले हे चिनूलाही नवीन होतं. तो आजोबांकडे बघतच राहिला.

तेवढ्यात पत्र्याच्या दारातून बिल्डरचा नवा वॉचमन बाहेर आला. विशीतला पोरगा, युनिफॉर्म दोन माप मोठा, हातात काठी. काठी पायरीवर आपटावी की नको, याचा त्याला निर्णय होईना. शेवटी हवेतच हलवली.

“चाचा लोग, इधर जास्ती टाइम नहीं बैठने का.”

आधी शोभाताईंच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. मग नंदू. नंदू हसताना आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. मग भाऊ, त्याचा मात्र आवाज आला. सुध्यानं तर झिजलेल्या पायरीतल्या पाण्यात हात टेकला आणि बाही कोपरापर्यंत भिजवून घेतली. वॉचमनला वाटलं आपलं काही चुकलं, त्यानं पँट चाचपून बघितली.

“बोर्ड कुठाय?” नंदूनं डोळे पुसत विचारलं. “बोर्ड किधर है?”

“बोर्ड... सेठ बोला, कल लगाएगा.”

“बोर्ड असताना उठलो नाही, आता बिनबोर्डाचं कसं उठणार?”

भाऊनं लगेच मोबाइल काढला. “मी बनवून देतो ना! चार बाय तीन, उद्या सकाळी लावतो. खाली फक्त सौजन्य, आणि एक छोटासा फोटो...”

“फोटो नाही, सौजन्य नाही,” मास्तर म्हणाले. चिनूचा हात धरून ते उठत होते, गुडघा धरला होता, म्हणून अर्ध्यावरच थांबले. “आणि ‘सु’ ऱ्हस्व लिहायला सांग त्याला.”